घरच्या पुरुषांना स्वस्तात गिफ्ट द्यायचंय? या, शिकवते

पुरुषांना काय गिफ्ट द्यायचं हा प्रश्न तुम्हाला अजून पडत असेल तर तुम्ही फार चांगल्या मनाच्या आहात. त्यांच्याकडे शर्ट ढीगभर, पाकीट आहे, घड्याळ मोबाईलातच आहे, आणि काय हवंय विचारलं की उत्तर ठरलेलं, काही नको गं. एवढं ऐकून एखादी शहाणी बाई चहा टाकून गप्प बसेल. पण आपण कसल्या! आपण लगेच रील उघडणार, बजेटमध्ये हँडमेड गिफ्ट, आणि रात्री सगळ्यांची जेवणं उरकून, ओटा पुसून, कात्री-सुईदोरा घेऊन बसणार. तर बसणारच आहात तर नीट बसा, मी सांगते कसं करायचं.

सुरुवात रुमालापासून करा. आपल्या बेळगावच्या खडे बाजारातनं छत्तीस इंच पन्ह्याचं पांढरं पॉपलीन मीटरभर घ्या (शनिवारी जाऊ नका, स्कुटी लावायला जागा मिळेपर्यंत कापडाचा भाव वाढलेला असतो). त्यात अठरा इंचाचे चार रुमाल आरामात बसतात. कडा दुमडून बारीक टीप मारा, कोपऱ्यात साखळी टाक्यानं नावाचं पहिलं अक्षर काढा. अक्षर मराठीत काढायचं का कन्नडात का इंग्लिशमध्ये, हे आपापल्या घरातल्या शांततेचा हिशोब करून ठरवा. चारपैकी एक रुमाल बाईकचा प्लग पुसायला जाईल, एक ऑफिसात राहील, एकात भाऊसाहेब देवाचा प्रसाद बांधून आणतील आणि तो पँटच्या खिशातच धुतला जाईल. चौथा तुम्हीच वापरा, रडायला होतो.

ग्रीटिंग कार्ड करणार असाल तर मागची बाजू कोरी ठेवा, दूधवाल्याचा हिशोब लिहायला लागते.

दाढीवाल्यांसाठी तेल. आजकाल सगळ्यांनाच दाढ्या आहेत, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत बघा, मावळा कोण आणि बघायला आलेला कोण कळत नाही. तर खोबरेल दोन वाटे, एरंडेल एक वाटा, छान काचेच्या बाटलीत भरून सुतळीची गाठ मारून द्या. फक्त डिसेंबरात देऊ नका. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली थिजतं हे आपल्याला चौथीपासून माहिती, पण आमच्या ह्यांनी बाटली उलटी करून बघितली, काही पडेना, म्हणाले खराब झालंय, आणि टाकून दिलं. बाटलीसकट. सुतळीसकट.

जुन्या जीन्सची पिशवी ही फार चांगली आयडिया आहे, शून्य खर्च, कापड दणकट. भाजी आणायला ती कोणी हातात धरणार नाही, बायकी दिसते म्हणे. पण गोव्याहून चोर्ला घाटातनं येताना काय काय आणायचं असतं ना, त्याला मात्र बरोब्बर तीच लागते, कारण आतल्या बाटल्या वाजत नाहीत. बघा, म्हणजे उपयोग झालाच.

खायचं काही करू नका. बेळगावात राहून कुंद्याशी स्पर्धा कशाला, आणि लाडू केलेत तर आईच्या हातची चव नाही हे तुम्हाला लाडू तोंडात असतानाच ऐकायला मिळेल.

आता मेन गिफ्ट. स्वेटर. आपल्याकडची थंडी पुण्या-मुंबईवाल्यांना सांगून पटत नाही, सकाळी सहाला कॅम्पातनं धुक्यात चालत जा म्हणजे कळेल. त्यामुळं हाफ स्वेटर म्हणजे प्रेम, ऊब, बचत सगळं एकात. कृती सोपी आहे. तीनशे ग्रॅम लोकर आणा. दहा नंबरच्या सुया, बॉर्डरला बारा नंबर. पाठीला १२० टाके घाला, तीन बोटं एक सुलट एक उलट अशी बॉर्डर करा, मग सरळ वर चढत जा, साधारण १८० ओळी होतात. १२० गुणिले १८०, एकवीस हजार सहाशे टाके, एका बाजूचे. पुढची बाजू अजून आहेच. मुंढ्याला आणि गळ्याला टाके कमी होतात ते वजा केले तरी पस्तीस हजाराच्या खाली येत नाही. मिनिटाला तीस टाके पडले, म्हणजे मध्ये कुकरची शिट्टी नाही, दारात कुरियर नाही, पोरगं चार्जर कुठाय विचारत नाही, असं धरलं, तर एकोणीस-वीस तास नुसती बोटं हलायला लागतात. उसवलेलं परत विणायचं ते वेगळं. शिवाय माप चोरून घ्यायला लागतं कारण सरप्राईज असतं ना. पण काळजी करू नका, ह्या तासांचे पैसे कोणी धरत नाही, म्हणूनच तर हे गिफ्ट स्वस्त!

परदेशातल्या विणणाऱ्या बायकांत म्हणे एक समजूत आहे, स्वेटरचा शाप, लग्नाआधी मित्राला स्वेटर विणून दिला की तो सोडून जातो. आपल्याकडं तशी भीती नाही. आपले कुठं जात नाहीत.

तर मी असा स्वेटर भाऊबीजेला दादाला दिला. राखाडी, व्ही गळा. त्यानं घालून बघितला, मस्त झालाय म्हणाला, ओवाळणीत पाचशेची नोट टाकली, फोटो काढला, स्टेटसला ठेवला, हार्ट पण टाकलं. झालं. परवा माहेरी गेले तर अंगणात त्याचं कुत्रं फिरत होतं, राखाडी, व्ही गळा. पॉमेरियन आहे हो ते! देवानं त्याला जन्मतःच स्वेटर घालून पाठवलंय, अंगभर वीतभर केस, आणि त्यावर माझे टाके. स्वेटर मोठा व्हायला लागला म्हणून दादानं खालचा भाग कात्रीनं कापला होता. कात्रीनं! विणलेली गोष्ट मध्येच कापली की ओळीमागं ओळ उसवत जाते, ती जात होतीच, कुत्र्यामागं दोरा लोंबत होता. आणि कापलेला खालचा भाग कुठाय? बुलेटच्या सीटखाली. पुसायला. लोकर पाणी चांगलं ओढत नाही म्हणून वर तक्रार.

मी विचारलं हे काय, तर म्हणतोय, "थंडी वाजालती की गं त्याला. तुला काय, घरातच बसून केलीस की, अजून एक कर." आई मध्ये पडली, "असू दे गं, पुरुष माणसांना कळत नाही त्यातलं, मी बोलतो त्याच्याशी." ती काय बोलणार, तिनं विणलेल्या स्वेटरावर आमच्या लहानपणी गॅसचा सिलेंडर ठेवलेला असायचा.

घरातच बसून. हे घरातच बसून आपल्याकडं किती जुनं आहे माहितीय? वडगाव-खासबागेत जा, शहापूरात जा, मागावर बसतो तो विणकर, नाव त्याचं, मजुरी त्याच्या हातात. शेजारी दिवसभर कांड्या भरत, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत बसलेली त्याची बायको असते, कांडी नसेल तर मागाचा धोटा काय हवेवर चालणार आहे का, पण तिला विचारा काय करता, ती पण सांगेल, काही नाही, घरीच असतो.

आणि गांधीजी. १९२४ च्या डिसेंबरात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आयुष्यात एकदाच, आणि ते आपल्या बेळगावातल्या अधिवेशनात. शंभरी झाली तेव्हा गावभर लायटिंग होतं, आपण सगळे सेल्फी काढायला गेलो, काँग्रेस विहिरीपाशी पण जाऊन आलो. त्या अधिवेशनात ठरलं काय होतं? सभासद व्हायचं तर चार आणे वर्गणी देऊन सुटका नाही, महिन्याला २००० वार सूत स्वतः कातून द्यायचं. वाचून मी खूश झाले, म्हटलं वा, एकदा तरी पुरुषांना बसवलं कोणीतरी हातकामाला. मग पुढची ओळ वाचली. आजारी असाल किंवा इच्छा नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं सूत दिलं तरी चालेल! इच्छा नसेल तर! आता इच्छा नसलेल्यांच्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक आटपून ते सूत कोण कातत असेल हे इतिहासाच्या सरांना विचारायची गरज नाही. आणि एवढी पळवाट असून सुद्धा झेपलं नाही, वर्षाच्या आत चार आण्यांचा पर्याय परत आला. ओवाळणीतली पाचशेची नोट म्हणजे तेच चार आणे, महागाई वाढली एवढंच.

एका माणसाचं चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल ही सगळ्यांनाच झोडतेय. सासऱ्यांना मी जुन्या साड्यांची वाकळ शिवून दिली. एक शब्द बोलले नाहीत. पण रोज सकाळी उठून ती स्वतः घडी घालतात. बाकी त्या घरात कोणी स्वतःचं पांघरूण घडी केलेलं मी बघितलं नाही.

कागदी फुलं, पेनस्टँड, की-होल्डर वगैरे राहिलं, ते तुम्ही रीलमध्ये बघा, मला आता कंटाळा आला.

दादा, हे तू वाचणार नाहीस, वहिनी वाचून दाखवेल, तर ऐक. मला स्वेटर गेल्याचं दुःख नाही, मला त्या "अजून एक कर"चा राग आलाय. तू उद्यमबागेत आठ तास काम करून येतोस तेव्हा मालकाला म्हणतोस का, असू दे, इथंच उभा होतो की, पगार कशाला? टेलरनं पँट अल्टर करायचे सत्तर रुपये घेतले की गुपचूप देतोस ना, तिथं नाही म्हणत तू बसूनच असतोस. तुझ्या शर्टाचं वरचं बटण दोन वर्षं झाली तुटून, वहिनीला वेळ मिळाला नाही म्हणून तू तसाच फिरतोस, अरे सुई काय करंट मारते का? पन्नाशी आली. चार भोकांचं बटण आहे, बस आणि लाव. आणि बायांनो तुम्ही, हो तुम्हीच, जानेवारीत त्यांच्या वाढदिवसाला मफलर करायचा म्हणून ज्यांनी लोकर आणून ठेवलीय, ती दुकानात परत द्या, बिल असेल तर घेतात. नसेल तर स्वतःला मोजे करा. कुत्र्याला थंडी वाजत असेल तर दादाच्या कपाटात लेदरचं जाकीट आहे, सात हजाराचं, ऑनलाइन मागवलेलं. ते कापा म्हणावं.