आत्याचा खांदा आणि माझा

दिवाळीला इंदूरला गेले होते. रामबागेतल्या घरी फराळ करता करता विषय निघाला, की फ्लूच्या लशीनंतर दुखावलेल्या माझ्या खांद्याचा अमेरिकेतला दावा अखेर तडजोडीने मिटला आणि भरपाई मिळाली. काका निवृत्त डॉक्टर. त्यांचा चेहराच उतरला. "अगं, तू शिकलेली मुलगी. लशीपायी तू पैसे घेतलेस, तर उद्या लोक लस घेतील का?"

शेजारी आत्या बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून. 2021 मध्ये मोफत शिबिरात कोविडची लस घेतल्यापासून तिचा हात वर जात नाही. तिची वेणी आता सून घालते.

काकांची भीती मला कळते. देवी आणि पोलिओ डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे तो. पण या बाबतीत त्यांचं चुकतंय असं मला मनापासून वाटतं.

माझं झालं ते असं. न्यू जर्सीत ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घेतली. सुई फार वर, हाडाच्या टोकाशी टोचली गेली. औषध दंडाच्या स्नायूत न जाता सांध्यालगत गेलं की तिथे सूज धरते आणि खांदा आखडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीला लिहिलं, "पोह्यांचा डबा काढता येईना गं, हात वरच जात नाही." डॉक्टरकडे गेले अडीच महिन्यांनी, जाईल आपोआप, असं वाटलं होतं. पुढे तोच निरोप वकिलांनी इंग्रजीत करून पुराव्याला लावला, कारण 2017 पासून ही इजा तिथल्या सरकारच्या लस-भरपाईच्या तक्त्यात असली, तरी दुखणं 48 तासांच्या आत सुरू झालेलं आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं असावं लागतं.

तिथला लस-भरपाईचा कायदा 1986 चा. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांसाठी असेल त्या प्रत्येकामागे 75 सेंट कर बसतो आणि त्यातून निधी उभा राहतो. दावा कंपनीवर किंवा टोचणाऱ्यावर नाही, आरोग्य खात्याच्या मंत्र्यावर होतो. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. वकिलाची फीसुद्धा वेगळी मिळते, आपल्या रकमेतून कापत नाहीत. मात्र वेदनेची भरपाई अडीच लाख डॉलरवर जात नाही, आणि ही मर्यादा 1986 पासून तसूभर हललेली नाही. तिथल्या कोविडच्या लशींचा कारभार तर निराळाच: एका वर्षात अर्ज, वेदनेचे पैसे नाहीत, वकिलाची फी नाही.

तडजोडीच्या कागदावर एक वाक्य होतं: इजा लशीमुळे झाली हे सरकारला मान्य नाही, तरीही दोन्ही पक्ष दावा मिटवत आहेत. ते मी तीनदा वाचलं. लागलं मनाला. तरी सही केली, कारण दोन वर्षं होऊन गेली होती आणि फिजिओथेरपी संपत नव्हती.

आत्याने कुठे सही करायची? लस ऐच्छिक आहे, भरपाई हवी असेल त्याने दिवाणी न्यायालयात जावं, असं केंद्र सरकारने 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. तिथे निष्काळजीपणा सिद्ध करायचा, सत्तरीच्या बाईने. ग्राहक न्यायालय म्हणावं, तर सगळ्यांना मोफत मिळणारी सेवा त्या कायद्यात बसत नाही, हे 1995 मध्येच ठरलेलं. आणि दोष न शोधता मदत देणं आपल्याला काही नवं नाही. भोपाळनंतर 1991 मध्ये धोकादायक रसायनांच्या अपघातांसाठी तसा कायदा झाला, मोटार अपघातांसाठीही तशी सोय आहे.

काका, लोक लशीपासून दूर जातात ते आत्याला पाहून. तिला डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस सुचवली, तर तिने साफ नाही म्हटलं आणि गल्लीतल्या चौघींनाही नको म्हणून सांगितलं. मी पुढच्याच ऑक्टोबरला दुसऱ्या दंडावर फ्लूची लस घेतली.

रात्री आत्याच्या उजव्या खांद्यावर हाड चाचपून, खाली दोन-तीन बोटं मोजून दाखवली: सुई इथे हवी. तिने स्वतः मोजून पाहिलं. मग म्हणाली, "शिबिरात टोचणाऱ्या त्या पोरीला कुणी दाखवलंच नसेल गं."