फळाखालच्या गांधीलमाश्या चवताळलेल्या नसतात

हंगाम सरत आला, झाडाखाली फळांचा सडा पडू लागला की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: गांधीलमाश्या सडक्या फळांचा रस पिऊन झिंगतात आणि दिसेल त्याला डंख मारतात, चांगली फळं त्याच नासवतात, त्यांचा काडीचाही उपयोग नाही, पोळं जाळून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी तिथेच दुपटीनं येतील. हंगामाच्या शेवटी झाडाखाली बसून या माश्या बघण्याची मला सवय आहे. त्यातलं जे मला दिसतं ते या मजकुराशी जुळत नाही.

आधी झिंगण्याचं. ओरिएंटल हॉर्नेट या थोराड गांधीलमाशीला संशोधकांनी ८० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं खाद्य दिलं. तिच्या वागण्यात किंवा आयुष्यमानात काही फरक पडला नाही, असं २०२४ साली प्रसिद्ध झालं. सगळ्याच जाती इतकं पचवतील असं मी म्हणणार नाही; पण आंबलेल्या फळात अल्कोहोल याच्या कितीतरी कमी असतं.

मग त्या फळांवर एवढ्या का तुटून पडतात? उत्तर पोळ्यात आहे. कामकरी गांधीलमाशी सुरवंट, साध्या माश्या, पानांचा रस शोषणारी मावा ही कीड पकडते, चावून त्याची गोळी करते आणि अळ्यांना भरवते. तिची स्वतःची कंबर इतकी बारीक की घन मांस तिच्या उपयोगाचं नाही. भरवलं की अळी तोंडातून गोडसर थेंब परत देते, त्यावर माशीचं भागतं. हंगाम संपताना पोळ्यात अळ्याच उरत नाहीत. थेंब बंद होतो, आणि ती बाहेर गोड शोधत फिरते: पडलेलं फळ, झाडाचा पाझर, पानांवरचा माव्याचा चिकटा. तिला राग आलेला नसतो, भूक लागलेली असते.

एकदा पडलेल्या अंजिराशेजारी मी वीतभर अंतरावर हात ठेवून बसलो होतो. एक माशी भोकात डोकं खुपसून पीत होती, पोट भात्यासारखं आतबाहेर होत होतं. बाहेर आली, पायांनी मिशा पुसल्या, माझ्या बोटावरून चालत गेली आणि उडाली. हात झटकला असता तर डंख बसलाच असता. पोळ्याजवळची गोष्ट मात्र वेगळी. तिथे त्या खरंच तुटून पडतात.

फळं नासवण्याचा आरोप अर्धा खरा आहे. द्राक्षासारख्या पातळ सालीचं पिकलं फळ त्या स्वतः फोडतात. पण पुष्कळदा साल आधीच तडकलेली असते किंवा पक्ष्यानं चोच मारलेली असते, माशी तेच भोक मोठं करते.

उपयोग नाही हे तर साफ चूक. भाजीवरच्या अळ्या टिपणारी हीच. शिवाय द्राक्षरस आंबवणारं यीस्ट गांधीलमाश्यांच्या आतड्यात हिवाळाभर टिकतं आणि राणीकडून पुढच्या पिढीच्या अळ्यांपर्यंत पोचतं, हे इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं.

राहिलं जाळणं. थंड प्रदेशात पोळं आपोआप ओस पडतं, फक्त मीलन झालेल्या राण्या आडोशाला तग धरतात आणि पुढच्या वर्षी बहुधा नव्यानं पोळं बांधतात. उबदार भागात ते जास्त टिकू शकतं, पण आग लावणं तिथेही धोक्याचंच: झाड होरपळतं आणि चिडलेल्या माश्या अंगावर येतात. पोळं दाराशीच असेल तर जाणकाराला बोलवा. ज्यांना या विषाची ॲलर्जी आहे त्यांच्या एक डंखही जिवावर बेतू शकतो. त्यांनी फळांखाली जाऊच नये.

इतरांनी पडलेली फळं भल्या सकाळी, गारव्यात उचलावीत. उचलण्याआधी काडीनं उलटून बघावं, कारण माशी खालच्या भोकात असते.