जप्तीतली जुनी घरं पाडून वस्ती वाचत नाही

अमेरिकेतल्या २००८ च्या गृहकर्ज संकटाचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: "बँकांनी जप्त केलेली ओसाड जुनी घरं सरळ पाडा. ती आधीच मोडकळीला आली होती. पाडली की शेजारच्या किमती सावरतात. जुन्या इमारतींचा वारसा जपणं ही श्रीमंतांची हौस आहे आणि त्याच्या नियमांमुळेच काम अडतं." यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही.

"आधीच मोडकळीला आली होती." क्लीव्हलंड शहरातलं स्लाव्हिक व्हिलेज बघा. पोलाद कारखान्यांत राबणाऱ्या पोलिश आणि चेक कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती २००७ च्या सुमारास देशात सर्वाधिक जप्त्या झालेल्या भागांत मोजली जात होती. तिथली कित्येक लाकडी घरं माणसांच्या वावरात पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. मग घर रिकामं होतं. नळांतलं पाणी कोणी काढून टाकत नाही. कडाक्याच्या थंडीत ते गोठतं, पाइप आणि बिडाचे रेडिएटर तडकतात आणि बर्फ वितळला की वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत पाणी झिरपत राहतं. भंगारात विकायला तांब्याचे पाइप कापून नेणारे तोवर येऊन गेलेले असतात. छताचा गिलावा खाली येतो, लाकडी जमीन फुगते. इतक्या वर्षांत झालं नाही ते नुकसान दोन हिवाळ्यांत होतं.

याहून वाईट प्रकारही घडला. जप्तीची नोटीस आली म्हणून कुटुंब घर सोडून गेलं आणि विकून काही हाती लागणार नाही हे दिसल्यावर बँकेनं जप्ती अर्धवट सोडून दिली. कागदावर मालक तेच कुटुंब, आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. कर भरायला कोणी नाही, गवत कापायला कोणी नाही. हे सगळं घराच्या वयाच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

"किमती सावरतात." काही ठिकाणी हो. पण क्लीव्हलंडच्याच पाडकामावर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात फायदा दिसला तो मुख्यतः ज्या भागांत घरांना अजून मागणी होती तिथे. सगळ्यात खचलेल्या भागांत तो जवळजवळ दिसलाच नाही. मोकळ्या जागेतून कर फारसा येत नाही आणि तिची निगा बहुधा शहराच्याच गळ्यात पडते.

"श्रीमंतांची हौस." स्लाव्हिक व्हिलेजमधलाच, सेंट स्टॅनिस्लॉस चर्चभोवतीचा वॉर्सावा हा भाग ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तो कामगारांनी उभारला. ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीवर केंद्र सरकार २० टक्के करसवलत देतं, पण फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींना. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. मेरीलँड आणि मिसुरीसारखी राज्यं अशा घरमालकांना आपली सवलत देतात. तक्रार करायचीच तर ही सोय सगळीकडे नाही याची करा.

"नियम अडवतात." राष्ट्रीय यादीत नाव असलं म्हणून खासगी मालकाला घर पाडण्यापासून कोणी थांबवत नाही. पाडकामाला केंद्राचा पैसा लागला, तर १९६६ च्या वारसा जतन कायद्याचं कलम १०६ आधी विचार करायला लावतं: घर महत्त्वाचं आहे का, दुसरा मार्ग आहे का? त्यानंतरही पाडता येतं. वस्त्या सावरण्यासाठी २००८ मध्ये मंजूर झालेले ३.९२ अब्ज डॉलर जनतेचे होते. तो खर्चण्याआधी तेवढा विचार व्हावा, हा जनतेचा हक्क आहे.

जळून खाक झालेलं किंवा पाया खचलेलं घर पाडावंच लागतं, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो घर त्या थराला जाईपर्यंत वाट बघण्याशी. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा शहरानं २००७ मध्येच वेगळी वाट धरली. हप्ते थकल्याची नोटीस काढली की कर्ज देणाऱ्यानं घराची पाहणी करायची, रिकामं असेल तर शहराकडे नोंद करायची आणि देखभालीला स्थानिक कंपनी नेमायची. हयगय केली तर दंड. जप्ती पुरी होण्याची वाट न बघता जबाबदारी ठरते. जुन्या वस्त्या असलेल्या प्रत्येक शहरानं हा नियम करावा, आणि थंडीच्या प्रदेशात त्यात नळ रिकामे करण्याची अट स्पष्ट लिहावी.