टॉवरचा नकाशा काढताय? मग एवढं कराच

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फतवा आला: खिडकीच्या ग्रिलवर कपडे वाळत घातल्यास पाचशे रुपये दंड, कारण इमारतीचं 'एलिव्हेशन', म्हणजे दर्शनी रूप, बिघडतं. पुराव्यादाखल फोटो. फोटोत माझा पंचा. एवढं नाजूक एलिव्हेशन काढायला अक्कल लागते. ज्या आर्किटेक्ट मंडळींना ते जमवायचंय, त्यांच्यासाठी हितोपदेश.

सुरुवात ड्राय बाल्कनीपासून करा. स्वयंपाकघराला चिकटून एक फट ठेवायची, वॉशिंग मशीन बसवल्यावर माणूस आडवा होऊन आत शिरेल एवढीच. तिचं तोंड मोकळ्यावर नको, डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या बंदिस्त पोकळीत, असू द्या. डक्टमध्ये ड्रेनेजचे पाइप, सगळ्या मजल्यांचे एग्झॉस्ट आणि कबुतरं. शर्ट वाळायला तीन दिवस लागतात, आणि वाळतो तेव्हा त्याला खालच्या मजल्यावरच्या तळलेल्या बांगड्याचा वास येतो. बांगडा मलाही आवडतो, पण ताटात. जुलैत तर हॉलमध्ये दोऱ्या, पंख्याखाली चादर, खुर्च्यांच्या पाठीवर गंजिफ्रॉक, पाहुणा आला की सगळं गोळा करून बेडरूममध्ये. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या मुंबईत ओले कपडे कुठे जाणार, हे नकाशा काढताना एकालाही सुचू नये? ब्रोशरमधल्या बाल्कनीत ती बाई कॉफीचा मग घेऊन उभी असते ना, तिच्या घरात टॉवेल नसतातच बहुधा!

असो. उपदेश चालू ठेवतो.

बेडरूममध्ये पलंग किंवा कपाट, एकच मावेल असं बघा.

सॅम्पल फ्लॅटला दारं लावू नका, उघडताना कशाला आपटतात ते कळतं.

आधी गाड्यांचे सात मजले, मग माणसं.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या वाटेला मुळीच जाऊ नका. कंबाला हिलवरच्या कांचनजंगा टॉवरमध्ये (1983) त्यांनी समुद्राकडचा वारा हवा, पण ऊन-पाऊस घरात नको म्हणून दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. ते श्रीमंतांचं, म्हणाल. मग बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा, तिथे सात-सात घरांत मिळून एकेक अंगण आहे. केवढी विकता येण्याजोगी जागा फुकट घालवली!

हवेची धास्ती घेऊ नका. इमारतीभोवती नियमाएवढी जागा सुटत नसेल तर मुंबईत रीतसर सोय आहे: महापालिकेला 'ओपन स्पेस डेफिशियन्सी'चा प्रीमियम भरायचा, उणीव माफ. 2021 साली तर सरकारनं बांधकामाच्या प्रीमियमवर 50 टक्के सवलत दिली होती. पैसे तिजोरीत जातात आणि समोरच्याची भिंत आपल्या खिडकीत येते.

याचं टोक गोवंडी-मानखुर्दला बघायला मिळतं. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. विस्थापितांना 'पक्की घरं' म्हणून दिलेल्या इमारती, मधलं अंतर जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या 2018 च्या अभ्यासात ऊन आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या घरांत टीबी जास्त आढळला. झोपडीतून काढून लोकांना टीबीत नेऊन ठेवलं, आणि त्या नकाशावर कुणीतरी सही केली, शिक्का मारला, चावीवाटपाला हार घातले. लाज वाटत नाही?

दाटीवाटीचं कारण सांगू नका. दाटी मुंबईला नवी नाही. गिरगावातल्या चाळींत माणूस माणसाला चिकटून राहायचा, पण दारासमोर गॅलरी होती आणि गॅलरीला दोरी. सामायिक संडासाचे ते दिवस परत नकोतच, पण वारा का काढून घेतलात? मुंबईचं सिंगापूर करणार म्हणता, मग सिंगापूरच्या सरकारी घरांकडे बघा की एकदा. उंचच उंच इमारती, आणि कपड्यांच्या काठ्या अडकवायची सोय इमारतीलाच केलेली. तिथे एलिव्हेशन बिघडत नाही.

आणि आपण घेणारेही कमी नाही. भाव किती, पार्किंग एक की दोन, स्विमिंग पूल आहे का, एवढंच विचारतो. आयुष्यभराचे हप्ते डोक्यावर घेतो, पण खिडकी कशावर उघडते हे विचारायला जीभ जड होते. मंजूर नकाशा बिल्डरला महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर टाकावाच लागतो. तो उघडा, त्यात डक्ट शोधा, शेजारची इमारत किती फुटांवर आहे ते मोजा, आणि मगच चेक फाडा.