घर्षण नगण्य मानले तर

भाचा पुण्याहून सुट्टीला आला, की आमच्या घरात सोलापूरची अब्रू धोक्यात येते. पहिल्या दिवशी सिद्धेश्वराचे मंदिर आणि तळे झाले, दुसऱ्या दिवशी भुईकोट किल्ला झाला आणि तिसऱ्या दिवशी दाखवण्यासारखे आमच्याजवळ काही उरले नाही. कारण मे महिन्यात हुरडा नसतो, गड्ड्याची जत्रा जानेवारीतच उठलेली असते आणि होम मैदानावर उन्हाखेरीज कोणीही उभे नसते. "मामा, इथं राइड्स नाहीत का?" असे त्याने विचारताच माझ्या मुलीने शहराबाहेरच्या एका करमणूक उद्यानाचे नाव घेतले. खोपोलीच्या मोठ्या उद्यानात पाच माणसांना नेण्याच्या खर्चात आमच्याकडे नवा कूलर येतो. इथे मात्र माणशी साडेतीनशे रुपयांत गो-कार्ट, रोलर कोस्टर आणि वर आणखी पाच खेळ मिळणार होते. मी माध्यमिक शाळेत बावीस वर्षे विज्ञान शिकवतो आहे. आकडेमोड मला तत्काळ पटली.

दारातच पहिला खोळंबा झाला. माझ्या आईने पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती आणि पहारेकऱ्याने ती पिशवी बरोबर हेरली. "आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही," तो म्हणाला. "बाहेरचं कुठाय? घरचं आहे की!" आई म्हणाली. या उत्तरावर त्याच्या नियमावलीत काही तोडगा नसावा, कारण तो पिशवीकडे आणि आईकडे आळीपाळीने पाहत राहिला. आईला कोणत्याही खेळात रस नव्हता. ती पिशवीसह त्याच्याच लिंबाखालच्या खुर्चीत बसून राहिली आणि तो उभा राहिला.

आम्हा चौघांना एकेक कार्ड मिळाले. त्यावर सात चौकोन होते, प्रत्येक खेळापाशी एका चौकोनाला भोक पाडले जाणार होते आणि तळाशी 'पैसे परत मिळणार नाहीत' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. आमच्या सौभाग्यवती पतसंस्थेत हिशेब तपासतात. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चारही कार्डांवरचा एकही चौकोन कोरा राहता कामा नये, अशी समज सर्वांना, पण माझ्याकडे पाहून, दिली.

गो-कार्टच्या रांगेत उभे असताना मी भाच्याला सांगितले, की अशी पहिली गाडी १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी तयार केली आणि तिला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले होते. त्याने ट्रॅकभोवतीच्या करपलेल्या माळाकडे पाहिले आणि "मग इथं काय कापणार?" असे विचारून विषय संपवला. हेल्मेटमध्ये आधीच्या पाच-सहा चालकांचा घाम गुण्यागोविंदाने नांदत होता. गाडीची बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असल्यामुळे मी तीत बसलो असे म्हणता येणार नाही. विहिरीत पोहरा सोडावा तसा मला दोघांनी आत सोडला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर, गिअर नाही, एवढे सांगून तिथला पोरगा पुढच्या गाडीकडे गेला.

माझ्या डाव्या पायाला पंधरा वर्षे क्लचची सवय आहे. इंजिनाचा आवाज चढला, की गिअर बदलण्यासाठी तो आपोआप खाली जाई आणि त्या जागी क्लचऐवजी ब्रेक असल्यामुळे गाडी गचका खाऊन थांबे. मग मी पुन्हा निघे, आवाज पुन्हा चढे, पाय पुन्हा खाली जाई. गो-कार्टला स्प्रिंग नसतात, चाकांना बसलेला प्रत्येक धक्का सांगाड्यातून थेट मणक्यात येतो, हे मला वाचून ठाऊक होते. आता ते मणक्यालाही ठाऊक झाले. वळणावर मी हात बाहेर काढून रीतसर इशारा दिला, जो सोलापूरच्या रस्त्यावर मी स्वतःही कधी दिलेला नाही. भाचा मला तीनदा मागे टाकून गेला, मुलगी दोनदा. कडेला उभा असलेला पोरगा माझ्याकडे पाहून निळे फडके हलवू लागला, तेव्हा एवढे तरी कौतुक होते आहे असे समजून मीही हात हलवला. निळ्या फडक्याचा अर्थ 'मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या' असा असतो. तो मला सौभाग्यवतींच्या गाडीने मागून धडक दिल्यावर समजला आणि मी बाजूच्या टायरांच्या भिंतीत शिरलो. "सर, क्लच नाही की ओ त्याला!" असे ओरडत तो पोरगा धावत आला.

मधल्या पाच खेळांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. भूतबंगल्यात मात्र आम्ही दोनदा गेलो, कारण त्रेचाळीस अंशांच्या उन्हात साऱ्या उद्यानात गारवा तेवढा तिथेच होता. सांगाड्याच्या मागे लावलेल्या कूलरसमोर बरीच कुटुंबे निवांत बसली होती आणि भुताचा मुखवटा घातलेला मुलगा "पुढं सरका, पुढं सरका" अशी विनवणी करत होता.

शेवटी रोलर कोस्टरचा चौकोन उरला. उंची साधारण दहा मीटर, म्हणजे तीन मजले. "एवढाच?" भाचा म्हणाला. मलाही तसेच वाटले. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांचा कोस्टर ताशी जेमतेम सहा मैलांनी धावत असे आणि लोक त्यासाठी पाच सेंट मोजत, हे मी रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. चेहरा कोणाला दिसू नये म्हणून मी अगदी शेवटचा डबा निवडला. मांडीवर येणारा लोखंडी दांडा तव्यासारखा तापलेला होता.

साखळीने आम्हाला वर ओढायला सुरुवात केली. खालून येणारा कट्-कट् आवाज म्हणजे डबे मागे घसरू नयेत म्हणून दात्यांत अडकत जाणारा खटका, हे मी शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना समजावून सांगितले. शिखरावरून लिंबाखाली बसलेली आई दिसली. पहारेकरी तिच्यासमोर उकिडवा बसून भाकरी मोडत होता. तेवढ्यात कट्-कट् थांबली आणि पुढचे सर्व काही मला एकाच वेळी आठवले: साखळी सुटल्यावर या गाडीला इंजिन नसते, स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते, आणि गाडीचा बराचसा भाग आधीच उताराला लागलेला असल्यामुळे शेवटचा डबा शिखरावरून सर्वांत जास्त वेगाने खेचला जातो. घर्षण नगण्य मानले तर तळाशी वेग ताशी पन्नास किलोमीटर भरतो. विजापूर रस्त्यावर या वेगाने गाडी चालवली, तर मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो. पण दहावीच्या फळ्यावर मी बावीस वर्षे जे घर्षण एका ओळीत नगण्य मानत आलो, त्याचा त्या क्षणी मी मनोमन धावा केला. "थांबव!" असे मी ओरडलो म्हणतात. ते कोणाला उद्देशून होते, हे अजून ठरलेले नाही.

गाडी फलाटाला लागली. दांडा वर होण्याची वाट पाहत मी डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा तिथल्या पोराने अत्यंत सद्भावनेने विचारले, "गर्दी नाही सर, अजून एक राउंड देऊ का? फ्री!" मी मान हलवायच्या आत शेजारून "द्या की!" असे उत्तर गेले आणि साखळीची कट्-कट् पुन्हा सुरू झाली.

परत येताना सौभाग्यवतींनी कार्डे तपासायला मागितली. मुलांची कार्डे त्या पाहत असताना मी माझे खिशातून काढले. फुकट फेरी देण्याच्या भरात तो पोरगा माझ्या कार्डाला भोक पाडायलाच विसरला होता. सातवा चौकोन कोरा करकरीत होता. "मामा, दाखवा ना तुमचं," मागून भाचा म्हणाला. मी पाठ वळवली, गाडीची किल्ली काढली आणि त्या चौकोनाला स्वतःच्या हाताने भोक पाडले.