वांग्याचे लेखापरीक्षण

सरकारी हिशेब तपासण्यात ज्याची हयात गेली, अशा माणसाने निवृत्तीनंतर भाजी आणू नये, आणि आणायचीच वेळ आली तर निदान सेंद्रिय भाजी आणू नये. साध्या भाजीवर भाव आणि वजन असे दोनच आक्षेप घेता येतात. सेंद्रिय भाजीवरच्या आक्षेपांना अंत नसतो, आणि पुरावा म्हणून समोर असते ते एक वांगे, जे कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. तरीही नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या सोसायटीने यापुढे सर्वांनी मिळून सेंद्रिय भाजीच घ्यावी असा ठराव केला, आणि खरी कोणती व खोटी कोणती हे पारखण्याचे काम, "तुम्ही ऑडिटमधले, तुमच्या नजरेतून काय सुटणार," असे म्हणून एकमताने माझ्या गळ्यात घातले.

ठरावामागची भीती खोटी नव्हती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या इमारतीत फवारणी हा शब्द खालच्या आवाजात उच्चारला जातो. अर्थात त्या विषाची खरी किंमत फवारणाऱ्याने मोजली आणि चिंता मात्र ताटावर बसलेल्या आम्हाला लागली, ही गोष्ट सभेच्या इतिवृत्तात आली नाही.

काम माझ्याकडे येताच शेजारीपाजारी सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते ज्या वांग्यात अळी निघते ते वांगे निर्धोक, कारण अळी जगली तर माणूसही जगेल. हा युक्तिवाद मला सुरुवातीला पटला होता, परंतु वांग्यातली शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच फळात शिरते, आत गेल्यावर तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही, आणि ती हाती लागत नाही म्हणूनच शेतकरी पुनःपुन्हा फवारतो, हे कळल्यावर अळीची साक्ष मी दप्तरातून काढून टाकली. अळी निघाली यावरून एवढेच सिद्ध होते, की अळी आहे.

वाकडीतिकडी भाजी म्हणजे सेंद्रिय, हा दुसरा सिद्धान्त. परागीभवन नीट झाले नाही किंवा पाणी कमी पडले, तर काकडी रासायनिक खतावरही वाकडी होते. शिवाय हा सिद्धान्त आता विक्रेत्यांनाही ठाऊक झाला आहे. रविवारच्या एका स्टॉलवर एक गृहस्थ सरळ काकड्या एका टोपलीत आणि वाकड्या दुसऱ्या टोपलीत टाकत होते, आणि दुसऱ्या टोपलीचा भाव दुप्पट होता. सांबार, म्हणजे कोथिंबीर, नाकाशी धरून हुंगणे हा तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा मार्ग. कीटकनाशकांचे अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शात मोजले जातात, त्यासाठी प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर लागतात, आणि मुख्याध्यापकांचे नाक कितीही शिस्तीचे असले तरी त्या कामाचे नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली, तर सालीवरचे काही अंश निघतात हे खरे. परंतु जी औषधे झाडाच्या रसातूनच फिरतात, ती धुऊन जात नाहीत.

वांगे बोलत नाही म्हटल्यावर मी माझ्या मूळ पिंडावर गेलो आणि कागद मागू लागलो. एका चकचकीत दुकानात डाळींची पाकिटे खाकी कागदात, सुतळी बांधून, हिरव्या पानाचे चित्र काढून ठेवली होती. त्यांवर नैसर्गिक, शुद्ध, रसायनमुक्त, गावरान असे सगळे शब्द होते, ज्यांतला एकही शब्द कोणाच्या तपासणीचा पुरावा नाही. मी भिंग काढून पाकीट उलटेसुलटे करू लागलो, तेव्हा दुकानातल्या मुलाने काही हरवले आहे काय असे आदराने विचारले. हरवले होते ते 'जैविक भारत'चे चिन्ह. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ते असावे लागते, आणि त्यामागे एकतर 'एनपीओपी' म्हणजे २००१ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे, नाहीतर 'पीजीएस' म्हणजे शेतकऱ्यांच्या गटामार्फत चालणाऱ्या पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. मुलाने विजयी मुद्रेने अन्नसुरक्षेचा चौदा अंकी परवाना क्रमांक दाखवला. तो क्रमांक बटाट्याच्या चिप्सच्या पाकिटावरही असतो, हे मी त्याला समजावून सांगितले, आणि त्यानंतर त्याने मला पुन्हा काही विचारले नाही.

खरी लढाई स्टॉलवर झाली. तिथे एका विक्रेत्याने प्रमाणपत्र लॅमिनेट करून फुलकोबीच्या ढिगामागे टांगले होते. ते मी पूर्ण वाचले, आणि माझा समज असा आहे की त्या कागदाच्या आयुष्यात ही घटना प्रथमच घडत होती. पिकांच्या यादीत तूर आणि सोयाबीन होते. फुलकोबीचा पत्ता नव्हता, आणि मुदतही संपलेली होती. मी दोन्ही आक्षेप क्रमाने मांडले.

"काकाजी, शेत तर तेच आहे ना जी," तो म्हणाला. "आन् तारखेचं काय घेऊन बसले? लॅमिनेशन पाहा ना, नवं कोरं आहे."

शेजारच्या संत्रेवाल्याने हे ऐकले होते, म्हणून त्याने आपण होऊनच सांगितले, की त्याने यंदाच रासायनिक खत बंद केले आहे. संत्र्यासारख्या बहुवार्षिक झाडाला राष्ट्रीय नियमांप्रमाणे पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे आणि हंगामी पिकाला पेरणीपूर्वी दोन वर्षे सेंद्रिय शेतीकडे वळण्याची, म्हणजे रूपांतराची, काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि सेंद्रिय म्हणून भावही मिळत नाही. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण संत्री मी साध्या भावानेच मागितली, आणि ते त्याला आवडले नाही.

एवढा अभ्यास झाल्यावर जे हाती आले, त्याने माझी झोप उडाली. प्रमाणपत्र वांग्याला नसतेच, ते वांगे पिकवण्याच्या पद्धतीला असते. शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने येतो हे गृहीत धरून सेंद्रिय मालातही, साध्या मालाला जेवढी मुभा आहे तिच्या पाच टक्क्यांपर्यंत, अंश चालवून घेतले जातात. त्यावर कडी अशी, की वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेला छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्तीच नाही. फक्त ते चिन्ह त्याने वापरायचे नाही. म्हणजे ज्याच्याकडे कागद आहे तो लबाड असू शकतो, आणि ज्याच्याकडे काहीच कागद नाही तो कायद्याने बरोबर असू शकतो. असे प्रकरण आमच्या कार्यालयात आले असते, तर आम्ही सगळ्यांनी मिळून रजा टाकली असती.

अशा मनःस्थितीत मी काटोलकडच्या एका शेतकऱ्यापुढे उभा राहिलो. त्याच्याकडे पाटी नव्हती, वांगी मध्यम होती आणि काही सरळही होती. रासायनिक औषध मारता का, या प्रश्नाला त्याने नाही म्हटले. मग अळीचे काय करता, असे विचारल्यावर मात्र तो निंबोळी अर्क, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे, पोखरलेले शेंडे खुडून जाळणे आणि तरीही वाया जाणारा माल, याविषयी इतका वेळ आणि इतक्या तक्रारीने बोलला, की मला प्रथमच कोणीतरी खर्चाची बाजू दाखवतो आहे असे वाटले. जमाखर्चात फक्त जमा दाखवणाऱ्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. तो पीजीएसच्या गटात होता, रूपांतराचा काळ चालू होता, आणि गटातले शेतकरी एकमेकांचे शेत तपासतात असे त्याने सांगितले.

"म्हणजे शेजारीच शेजाऱ्याला प्रमाणपत्र देणार?" मी आक्षेप नोंदवला. "तो सांभाळून घेणार नाही कशावरून?"

"सांभाळून कायले घेईन जी?" तो म्हणाला. "त्याचा आन् माझा शेताच्या धुऱ्याचा वाद तहसीलमध्ये चालू आहे. मी औषधाचा डबा उचलला, तं तो आंधी गटात सांगून मोकळा होईन."

इतका निःपक्ष, बिनपगारी आणि चोवीस तास जागा असणारा तपासनीस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी वांगी घेतली, पैसे दिले, आणि त्या शेजाऱ्याचा मोबाइल नंबर मागितला.

"घ्या," तो म्हणाला, "पण मी देल्ला म्हणून सांगू नका."