नदीकाठच्या घरात रेडॉन ६.८ कसा? तुमच्या दोन ताऱ्यांना आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: रेडॉनचा (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) आकडा शेजारी २.१ आणि आमच्या मोजणीत तुमच्याकडे ६.८ पिकोक्युरी (लिटर हवेमागे किरणोत्सर्गाचं माप) येऊच शकत नाही, तुम्ही स्वतः लावलेल्या मोजणीच्या किटने ३.१ दाखवलं, आणि फिनिक्सव्हिलच्या नदीकाठच्या ओल्या मातीतून वायू वर येत नाही. म्हणजे रेडॉन घराबाहेर काढणारा पाइप-पंखा विकायला आम्ही आकडा फुगवला.

पंख्याचं आधी. पेनसिल्व्हेनियात मोजणीचं आणि पाइप-पंखा बसवण्याचं प्रमाणपत्र वेगवेगळं असतं. आमच्याकडे फक्त मोजणीचं आहे. तुम्ही पंखा बसवला काय, न बसवला काय, आमच्या गल्ल्यात एक डॉलरही पडत नाही.

शेजारच्या आकड्यावरून आपल्या घराचा अंदाज बांधू नये, हे याच भागात कळलंय. १९८४ मध्ये तुमच्याच स्कूलकिल नदीवरच्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रास या इंजिनियरमुळे किरणोत्सर्गाचे अलार्म वाजू लागले. मूळ त्यांच्या घरात निघालं: लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. शेजारचं घर मात्र ठीक होतं.

किट तुम्ही ओट्यावर, खिडकीलगत ठेवल्याचं लिहिलंय. तिथेच घोळ आहे. किटमधल्या डबीतला कोळसा हवेतला रेडॉन धरतो; तिच्यात वाफ शिरली की रेडॉन कमी धरला जातो, आणि खिडकीची झुळूक आकडा आणखी खाली ओढते. डबी राहत्या खोल्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यावर हवी: जमिनीपासून किमान २० इंच वर, खिडकी-दारापासून ३ फूट, बाहेरच्या भिंतीपासून १ फूट लांब. स्वयंपाकघर, बाथरूम, लाँड्री वर्ज्य. मुदत संपताच सील करून त्याच दिवशी पोस्टात टाका, रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, डबी गाडीत पडून राहिली तर लॅबला मोजायला उरतं काय?

आमचं यंत्र दर तासाची नोंद ठेवतं. आलेख पुन्हा बघा: दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते पाच आकडा ८ वरून २ च्या खाली आला, रात्री परत चढला. खिडकी उघडली की असंच दिसतं. म्हणजे ६.८ ही सरासरी झालीच असेल तर कमीच झालीय. खिडक्या मोजणीच्या १२ तास आधीपासून बंद ठेवायला सांगतो ते यासाठीच. नेहमीची ये-जा, हीटर, एसी चालतो. खिडकीतला पंखा नाही.

आता नदी. ओल्या मातीतून वायू सहज निघत नाही, हे खरं. पण पावसाने अंगणातली माती भिजून बंद झाली की तो घराखालच्या कोरड्या खडीकडे वळतो. शिवाय नदीकाठी तळघरात पाणी येतं म्हणून लोक सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा, खणतात. तुमच्या सम्पला झाकण नाही, म्हणजे फरशीखालची हवा थेट खोलीत.

४ किंवा जास्त आकडा आला की ईपीए (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) दुसरी मोजणी सांगते. घाई नसेल तर ९० दिवसांहून जास्त चालणारी करा, तिच्यात हवामानाचे चढउतार जिरतात. घाई असेल तर पुन्हा ४८ तासांची करून दोन्हींची सरासरी धरा. तीही ४ किंवा जास्त असेल तर पाइप-पंखेवाला बोलवा. वादळी वाऱ्याचे दिवस टाळा. आणि सम्पला झाकण मोजणी झाल्यावरच लावा, नाहीतर दोन आकडे दोन वेगळ्या घरांचे होतील.